त्रेचाळीस ठिकाणी

"माझं नाव काढ त्यातून," जाइल्स वेदरॉल म्हणाला. "आजच."

डॉरीन क्वे दारातच उभी होती. जाइल्सच्या खोलीत 'बस' म्हणायची पद्धत प्राध्यापकांपुरतीच होती.

"नाव नाहीये, पद आहे. 'समता आणि विविधतेची जबाबदारी : प्र-कुलगुरू.' तीन वर्षांपूर्वी तुम्हीच मागून घेतलीत."

मागून घेतली होती, हे खरं. तेव्हा त्या जबाबदारीला मानाचं पान होतं. लंडनच्या परिषदा होत्या, ब्रॅकनशॉ विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर हसरा फोटो होता. फोटोत शेजारी डॉरीन असायची, कारण ती समता अधिकारी होती आणि काळी होती. दोन्ही कामं एकाच पगारात होत. समित्या ती चालवायची, तक्रारी ती ऐकायची आणि भाषण जाइल्स ठोकायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आता बाहेरच्या पाहणीचा अहवाल यायचा होता. शंभर प्राध्यापकांत स्त्रिया अकरा आणि काळा माणूस एकही नाही, हे लपणार नव्हतं. त्यातच कुलगुरू सर लेझ्ली ऑस्ट्रेलियाला पळायच्या बेतात असल्याची कुजबुज होती. ते गेले की कारभार प्र-कुलगुरूकडे, ही इथली जुनी रीत. आणि हंगामी बसलेला माणूस सहसा उठत नाही, हीसुद्धा. जाइल्स गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. ऐन वेळी हा डाग त्याला नको होता.

"मग कुणाचं पद घालू?"

"तुझं. काम तूच करतेस ना? श्रेयही तूच घे."

"श्रेय," डॉरीन म्हणाली.

मग तिने हातातलं बाड उघडलं. "जबाबदाऱ्यांची नियमावली एक्क्याऐंशी पानांची आहे. तुमचं पद त्रेचाळीस ठिकाणी येतं. एकेक वाचून ठरवू या का? तासभर लागेल."

"मी काय बालवाडीत आहे, तू मला वाचून दाखवायला? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बदल. एक जरी राहिलं, तर वर्तमानपत्रवाले नेमकं तेच हुडकून काढतील."

"सगळीकडे?"

"पुन्हा विचारू नकोस, बाई."

तिने पुन्हा विचारलं, ईमेलवर. उत्तर एका शब्दात आलं : सगळीकडे. बदल लाल अक्षरात करून तिने अख्खं बाड पाठवलं. जाइल्सने गाडीच्या बॉनेटवर ठेवून शेवटच्या पानावर सही ठोकली आणि गोल्फला गेला.

जूनच्या बैठकीत नियामक मंडळापुढे नियमावलीतला हा बदल नववा विषय होता, पार्किंगच्या दरांनंतर आणि तळ्यातल्या बदकांच्या आधी. मंडळाच्या अध्यक्षा मिसेस स्टॉट यांनी तीस वर्षं बिस्किटांचा कारखाना चालवला होता. विद्यापीठात इतकी माणसं दिवसभर काय करतात, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

"कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

सँडविचेस आली होती. हरकत कुणाचीच नव्हती.

बाहेर पडताना डॉरीनने जाइल्सला गाठलं. "अहवाल आला की मला काढतील. अकरा वर्षं झाली इथे मला."

"छे गं! मी आहे ना," जाइल्स म्हणाला आणि आपल्या मोठ्या मनाचं त्याला दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

ऑक्टोबरात अहवाल आला. त्याच आठवड्यात सर लेझ्लींनी राजीनामा पाठवला, तोही विमानतळावरून. मंडळाची तातडीची बैठक भरली. जाइल्स नवा टाय लावून आला. डॉरीन टेबलाच्या टोकाला इतिवृत्ताची वही घेऊन बसली. ते तिचं काम नव्हतं, पण तिचं अक्षर छान आहे, असं जाइल्स दर बैठकीला म्हणायचा.

"लाज आणली या अहवालाने," मिसेस स्टॉट म्हणाल्या. "माझ्या कारखान्यात असं झालं असतं, तर संध्याकाळच्या आत कुणीतरी घरी गेलं असतं. जबाबदार कोण इथे?"

जाइल्सने उसासा टाकला. या उसाशाची त्याने सकाळी आरशासमोर तालीम केली होती.

"सांगताना जिवावर येतं, पण समता अधिकारी. नियमावलीत स्पष्ट आहे."

"नक्की?"

"मी जातीने खात्री करून घेतली आहे. माणूस कितीही जवळचा असो, शेवटी नियमावली म्हणजे नियमावली. ती शब्दशः पाळली नाही, तर आपल्याला अर्थ काय?"

"हे पटलं मला," मिसेस स्टॉट म्हणाल्या. "डॉरीन, हे लिहून घे. शब्दशः."

डॉरीनने लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच छान आलं, हे जाइल्सला थोडं खटकलं.

"पण कुणाला काढायचं तर काढणारा कुलगुरू हवा," मिसेस स्टॉट म्हणाल्या. "तेव्हा आधी रिकाम्या खुर्चीचं बघू."

जाइल्सने कोटाचं बटण लावलं. चेहऱ्यावर नम्रता आणली. खुर्ची थोडी मागे सरकवली.

"आपली नेहमीची रीत तर सर्वांना..." त्याने सुरुवात केली.

"रीत नको. तूच म्हणालास ना, शब्दशः?" मिसेस स्टॉट यांनी चष्मा लावला आणि बाडाचं चौथं पान काढलं. "'कुलगुरूंचं पद अचानक रिकामं झाल्यास, नवी नेमणूक होईपर्यंत त्यांचे सर्व अधिकार...'"

त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तीच ओळ बोट ठेवून वाचली.

"'...समता अधिकाऱ्याकडे जातील.' डॉरीन, ती वही जाइल्सकडे दे आणि इकडे येऊन बस."