पहिल्या ट्रंपेटची खुर्ची

“ही घेतली ना, तर आबा दुसऱ्या पानावरच हात टेकतील,” बँडमास्तर म्हणाले आणि त्यांनी तिसरा गठ्ठा पुढे ओढला.

जेवणाच्या टेबलावर एकाच चालीच्या तीन मांडण्या पसरल्या होत्या. बँडच्या कपाटातल्याच तिन्ही, आबांनीच कधीकाळी जमवलेल्या. चाल तीच, वाटप वेगळं. पहिलीत सगळी चाल मोठ्या भोंग्याच्या वाद्यांकडे होती. ट्रंपेटनं अधूनमधून नुसता हुंकार भरायचा, बाकी वेळ गप्प बसायचं. दुसरीत सगळ्यांना सारखं काम. आणि तिसरी? तिसरीत पहिल्या ट्रंपेटनं एकट्यानं वाजवायचा असा लांबलचक तुकडा होता की नुसता वाचतानाच मास्तरांना धाप लागली. शेवटी तर सूर पार वर चढवून तिथंच धरून ठेवायचा होता.

“अहो, माझ्या बापाचा जीव घ्यायचाय का?” बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं.

“जीव नको. खुर्ची हवीय.”

आबा म्हणजे मास्तरांचे सासरे आणि बँडचा पहिला ट्रंपेट. बँड त्यांनीच उभा केला. जावयाच्या हातात छडी देऊन त्याला मास्तर केलं तेही त्यांनीच. सगळं मान्य! पण कवळी बसवल्यापासून आबांचा वरचा सूर फाटायला लागला होता. गेल्या स्पर्धेत तो असा काही फाटला की परीक्षकांनी माना खाली घातल्या आणि पुढच्या रांगेतल्या एका तान्ह्या पोरानं भोकाड पसरलं. शेजारच्या खुर्चीवर दातांची डॉक्टरीण बसायची. दुसरा ट्रंपेट तिचा. बाई वाजवायची सुरेख, बोलायची रोखठोक. परवाच तिनं मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “या स्पर्धेला पहिली खुर्ची मिळणार नसेल, तर मी चालले दुसऱ्या बँडमध्ये.” ती गेली की बँडचं कंबरडंच मोडणार होतं.

आणि आबांना उठवायची सोय नव्हती. बँडचा दंडकच तसा होता, तोही आबांनीच घातलेला. पहिल्या खुर्चीवरच्याला कुणी ऊठ म्हणायचं नाही. आपल्याला झेपत नाही असं वाटलं की त्यानं आपण होऊन उठायचं आणि शेजाऱ्याला जागा द्यायची.

“सरळ सांगून टाका ना त्यांना,” बायको म्हणाली.

“मी सांगू? ते तुझे वडील आहेत.”

“आणि तुमचे सासरे आहेत. बरं, मग ती पहिली तरी घ्या. त्यांना त्रास नाही, कुणाला कळायचंही नाही.”

“छे, छे! पहिली घेतली तर ते जन्मात उठायचे नाहीत. आरामात बसून हुंकार देत राहतील. ही तिसरीच बरी. चार ओळी वाजवतील, घाम फुटेल आणि स्वतःच उठतील. मला वाईटपणा नाही, त्यांचा मान राहिला. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.”

बायकोनं सुरी खाली ठेवली. “तुमचं डोकं फार चालतं हो,” ती म्हणाली. मास्तरांनी ती स्तुतीच समजली.

दुसऱ्या दिवशी तालमीला आबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहरा गंभीर. नेहमीसारखी कुणाची थट्टा नाही, काही नाही. मास्तरांनी पानं वाटली आणि आपली पानं उगीचच नीट लावत बसले. आबांकडे बघायचा त्यांना धीर होईना. आपण एका म्हाताऱ्या माणसाला खड्ड्यात ढकलतोय असं वाटून त्यांना स्वतःची लाज वाटली. पण बाण सुटला होता.

आबांनी तो तुकडा शेवटपर्यंत वाचला. बोटं ट्रंपेटच्या कळांवर न वाजवताच फिरली. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग ते उठून उभे राहिले.

डॉक्टरीणबाई खुर्चीच्या टोकाशी सरकली. चला, एक सूरही न वाजवता काम झालं, मास्तरांच्या मनात आलं.

पण आबा शेजारच्या खुर्चीकडे वळलेच नाहीत. हातात पान घेऊन ते तडक मास्तरांपाशी आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“जावईबापू, हा तुकडा मुद्दाम माझ्यासाठी निवडलात?”

“अं... हो, म्हणजे... तुमच्यासाठीच,” मास्तर म्हणाले. एवढं तरी खरं होतं.

“या वयात, असल्या दातांवर, एवढा भरवसा टाकलात माझ्यावर!” आबांनी सगळ्यांदेखत मास्तरांना मिठी मारली. “आता बघाच. दिवसरात्र एक करीन, पण या खुर्चीची लाज राखीन. यंदाच नाही, अंगात धुगधुगी आहे तोवर!”

बँडनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईनं शांतपणे आपला ट्रंपेट पेटीत ठेवला आणि पेटीचे खटके लावले.

मास्तर छडी टाकून पुढे झाले. “आबा, एवढा त्रास कशाला?” ते घाईघाईनं म्हणाले. “अजून काही बिघडलं नाही. आपण ती पहिली, सोपी मांडणी घेऊ या ना! त्यात तुम्हाला काही कामच नाही.”

आबांनी हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“अहो, तीच निघणार असं धरून आलो होतो मी,” ते म्हणाले. “ती हातात पडली की समजायचं आपली गरज संपली, आणि गुपचूप उठून बाईंना जागा द्यायची, असं घरून ठरवून निघालो होतो.”