भजनाचा हेडफोन

"यातही टाळ येत नाहीत," म्हणत काकांनी तिसरा हेडफोन काउंटरवर ठेवला.

सकाळपासून उभं राहून माझे पाय भरून आले होते. तोंडाची टकळी मात्र चालूच: डीजेला जास्त बेसचा घ्या, गझलला हलका, शास्त्रीयला उघड्या कपांचा. काकांना भजनासाठी आठवडाभरात तीन दिले, तिन्ही परत. चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालणार?

"मृदंग, पेटी सगळं येतं. पण सुरुवातीला नुसते टाळ आहेत ना, तिथं काहीच नाही."

वैतागून मी तो हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि त्यांच्या मोबाइलवरचं भजन पहिल्यापासून लावलं. टाळ खणखणीत वाजत होते.

काका आशेनं माझ्याकडे बघत होते. माझा वैताग कुठल्या कुठे गेला.

"खरंच येत नाहीत हो काका," हेडफोन न काढताच मी म्हणाले. "पीसच खराब आहे. बदलून देते."

काकांनी अलगद माझ्या हातावर हात ठेवला. काउंटरवर ठेका धरलेली माझी बोटं तेव्हा कुठे थांबली.

"लय बरोबर धरलीस, पोरी," ते म्हणाले.