झाकलेली नावं

"नावं झाकलीत, आणखी काय हवंय?" बैठकीत साहेबांनी विचारलं. आमच्या रुग्णालयाचा डेटा क्लाउडवर असतो. रुग्णांची नावं झाकून तो इतर कंपन्यांना दाखवतात. वय, गाव, काम मात्र उघडंच राहतं. माझी धाकटी बहीण बस चालवते. तिच्या गावात बस चालवणारी बाई ती एकटीच. ती आमच्याच रुग्णालयात मूल होण्यासाठी उपचार घेतेय, हे तिच्या कंपनीने त्यावरून ओळखलं आणि काल तिला घरी बसवलं. "गाव आणि कामही झाका," मी म्हणाले. "राईचा पर्वत करू नका, मॅडम." "बरं. सर, तुमचं गाव? वय?" त्यांनी हसत सांगितलं. मी ते त्याच नावं झाकलेल्या डेटात टाइप केलं, पुढे काम म्हणून 'व्यवस्थापक' लिहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर एकच ओळ उमटली: दारू सोडवण्याचे उपचार, तिसरी खेप. "बंद करा ते," साहेब पुटपुटले. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.