शेळीच्या गळ्यातली घुंगरं

आमच्या तमाशाच्या फडात मालकिणीचा कायदा होता: ज्याची घुंगरं बांधली, त्याचीच ती बाई. म्हणून मी फडाची घुंगरं कधी पायात घातली न्हाईत. मेलेल्या मायचीच बांधली. तेच मालकिणीला सलायचं. गोरेगावच्या यात्रेत हंगाम संपला अन् आमी तिघी नाचणाऱ्या फड सोडून निघालो. जीपमधी सामान टाकून राहिलो होतो, तवा मालकिणीनं माझी पेटी उचकटली, मायची घुंगरं काढून आपल्या लाडक्या शेळीच्या गळ्यात बांधली. "तुझ्यापरीस हीच बरी नाचंल!" समदा फड हसला. मी घुंगरं सोडायला वाकले. ती वरडली, "माझ्या शेळीला हात लावू नको!" मग मी शेळीच उचलून जीपमधी घातली. "माझी शेळी काहून नेऊन राहिलीस गं, चोट्टे?" "कायदा तुमचाच हाय, मावशी. हिच्या गळ्यात घुंगरं माझ्या मायची." जीप सुरू झाली. "आता तुमीच नाचा!"