वेगळं वाफवलेलं

न्ये सूयून नानचांगहून गावी आली ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता थेट मागच्या अंगणात गेली. चटयांवर हुआंगजिंगच्या औषधी मुळ्या वाळत होत्या. काळ्याभोर, चकचकीत. तिने एक उचलून मोडली. आतून पिवळीच, कच्चीसारखी.

"दादा, या वाफवल्यात?"

"वाफवल्यात की," तिचा भाऊ दहाय म्हणाला. "बस तरी. चहा घे आधी."

"तुझाच माल मी प्रयोगाला नेला होता. औषधांनी आतडी उजाड झालेले उंदीर. अर्ध्यांना कच्ची मुळी, अर्ध्यांना ही. हिच्यामुळे त्यांच्या पोटातले चांगले जंतू वाढायला हवे होते, अंगात आजाराशी लढायची ताकद यायला हवी होती. कशाचाच पत्ता नाही. किती दिवस मी माझीच चूक शोधत बसले."

"उंदरांना काय कळतंय?"

"त्यांच्या आतड्यांना कळलं. जळक्या साखरेचा रंग दिलायस तू."

दहायने मुळ्या उलथायला घेतल्या. "पुन्हा पुन्हा वाफवायचं, पुन्हा पुन्हा वाळवायचं. कोण करतं आता? काळी दिसते, गोड लागते, गिऱ्हाईक खूश."

"गिऱ्हाईक? आजारी माणसं आहेत ती."

मागच्या दारात बाबा बसले होते. हिवाळ्यात त्यांची केमो संपली होती. हातातल्या वाडग्यातून काढ्याची वाफ येत होती.

सूयूनचा आवाज फाटला. "बाबांनाही हेच पाजतोस?"

"मी काय राक्षस आहे का?" दहाय उसळला. "बाबांचं मी वेगळं वाफवतो. स्वतः, चुलीपाशी बसून."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो पुन्हा मुळ्यांकडे वळला.



"समोरच्या तांगच्या सुनेचीही केमो चालू आहे," बाबा म्हणाले. "पोटात काही ठरत नाही तिच्या. परवा तिचा सासरा इथूनच मुळ्या घेऊन गेला. त्याला कुठल्या दिल्यास?"

दहायची नजर चटईवरच्या काळ्या मुळ्यांकडे गेली.

बाबा दाराला धरून उठले. वाडगा त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, तुमचं औषध आहे ते," सूयून म्हणाली.

"हो ना. हेच औषध आहे."

फाटक त्यांनी कोपराने ढकललं आणि ते गल्लीत उतरले. वाडगा काठोकाठ भरलेला होता, म्हणून फार हळू चालत होते.