वेस कुठं हाय

हळद लागलेली क्षितिजा नाल्याच्या पुलावर येऊन थांबली, तेव्हा सीताबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पिवळी साडी, पिवळं तोंड, एका हातात नजर लागू नये म्हणून दिलेला अडकित्ता, दुसऱ्या हातात नारळ, एवढं सगळं तिला मान वर न करताच दिसलं. म्हातारी झाली म्हणून काय आंधळी झाली नव्हती.

"आजे," पोरीनं पुलावरून हाक मारली. "धवला म्हनायला चल."

सीताबाईनं सुकटीतला कचरा उचलून अंगणात टाकला. "तुझ्या बापानं अकलोलीची धवलारीण आणली ना? गाडी पाठवून आणली. तिला सांग."

गावात लग्न असलं की भटजीच्या मंत्रांआधी धवलारीण लागते. ती गाऊन गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते. या गावची धवलारीण सीताबाई. क्षितिजाच्या बापाला, केसरीनाथला, हळद लागली तेव्हाही तिनंच गायलं होतं. आता तोच केसरीनाथ सरपंच झालाय, आणि परवाच्या ग्रामसभेत सीताबाई सगळ्यांच्या आधी उभी राहून म्हणाली, आमचा नाल्यापल्याडचा पाडा या पंचायतीतून काढा आणि शेजारच्या पंचायतीला जोडा. शेजारी गोदामांची घरपट्टी येते, तिथं घराघरात नळ आहे. आपल्या गावची पाइपलाइन नाल्यापर्यंत येते आणि तिथंच मरते. त्यावर केसरीनाथ माइक धरून गरजला, नाल्यापल्याड आमचंच गाव, एक घर जाऊ देणार नाही. आणि मग लेकीच्या लग्नाचं बोलावणं पाड्यातल्या एकाही घरी आलं नाही. आमचे म्हणायचं आणि पानावर बसवायचं नाही, याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

"ती बाई चेडोबापर्यंत आली अन् अडकली," क्षितिजा म्हणाली. "इचारते, पाड्यातल्या देवाला बोलवायचा का न्हाय. बाबा म्हनले, सोडून दे. मंग मीच उठले पाटावरून."

सीताबाईचे हात सुपात थांबले. चेडोबाला वगळून या गावात अजून कुणाचं लग्न लागलं नव्हतं.

"उठली तर उठली. तिथं काय उभी राहिली? इकडं ये."

"कशी येऊ? हळद लागली की वेस ओलांडायची न्हाय, तूच सांगतेस सगळ्या पोरींना." पोरीनं नारळ पुढं केला. "आता वेस कुठं हाय ते पन तूच सांग. पाडा गावात असला तर येते. नसला तर नारळ इथंच ठेवते अन् जाते."

सीताबाईनं सूप बाजूला ठेवलं. ये म्हणावं, तर नाला ही काही वेस नाही, मग सभेत उभी राहिली ती कशाला? येऊ नको म्हणावं, तर जिला न्हाऊमाखू घातलं ती पोर लग्नाच्या आदल्या दिवशी पुलावरून रडत माघारी जाणार.

तेवढ्यात मांडवातला डीजे बंद पडला. केसरीनाथ धापा टाकत नाल्याकडं आला. मागं गावच्या बाया.

"क्षिते, थांब तिथंच. वेशीबाहेर पाऊल टाकू नको."

आता मात्र सीताबाई उठली. पदर खोचून पुलाच्या तोंडाशी आली.

"कोनची वेस रे केसरी? माइकवर तर बोललास, पल्याड आमचंच गाव. मंग पोर तुझ्याच गावात चालते. भितोस कशाला?"

बायांमध्ये कुणीतरी हसलं. केसरीनाथनं मागं वळून बघितलं, मग परत सीताबाईकडं. त्याचा चेहरा पडला होता.

"काकी, टोमणे नको मारू. तुमी गाव सोडून चाललाव. माझ्या जिवाला लागलंय त्ये."

"ही पन गाव सोडून चालली," सीताबाई म्हणाली. "उद्या टेमघरला जानार. हिला हळद लावतोस, दारात मांडव घालतोस. आमाला मात्र शिव्या. आमाला पन पानी असेल त्या घरी जायचंय, बाकी काय न्हाय. लेक नांदायला गेली म्हनून म्हायेर तुटतं का रे?"

क्षितिजानं अडकित्ता छातीशी धरला होता आणि हळदीवरून पाणी गळत होतं. ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"अन् एक सांगून ठेवते," सीताबाई म्हणाली. "परत सभा लाव, मी परत उभी राहीन. त्येच बोलेन."

"बोल," केसरीनाथ म्हणाला.

त्यानं लेकीच्या हातातला नारळ घेतला. पूल ओलांडून पाड्यात आला आणि नारळ दोन्ही हातांनी सीताबाईपुढं धरला. सीताबाईनं तो ओटीत घेतला. मग पुलाकडं वळली, एक पाऊल टाकलं आणि खाली नाल्यात बघत थांबली.

"धर मला," ती म्हणाली. "तुझ्या पंचायतीनं पुलाला कठडा कधी बांधलाच न्हाय."