दोन दोन पानं

करमीने आपला कप तळहाताने झाकला. "मला नको, आयो. सिस्टरने मीठ बंद केलंय. रक्तदाब वाढलाय म्हणाली."

बिरसी किटली घेऊन तशीच उभी राहिली. चहाच्या मळ्यात दुपारी मिठाचा कोरा चहाच येतो, आणि इतकी वर्षं तो बिरसीच वाटत आली होती. आज तिच्याच सुनेने सगळ्यांसमोर नको म्हटलं होतं.

"मेमसाब झाली गं तुझी सून!" सोबत पानं खुडणारी सोमारी म्हणाली. "उद्या दूधसाखर मागेल."

बाया हसल्या. बिरसीने करमीचा हात बाजूला सारून कप भरला. "पी गुमान. तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी हाच प्यायले. काय झालं त्याला?"

करमी दोन घोट प्यायली. आठवा महिना चालू होता. तिला धड वाकताही येत नव्हतं. "सकाळपासून डोकं फुटतंय, आयो. पानंसुद्धा दोन दोन दिसतात."

"मग बरंच की! आज दुप्पट वजन भरेल," बिरसी म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

बाया अजून हसत होत्या तोवर करमी झुडपांच्या ओळीत कोसळली. दातखीळ बसली. हातपाय ताठ झाले आणि मग झटके देऊ लागले.

पत्तीच्या ट्रॅक्टरवर घालून तिला मळ्याच्या दवाखान्यात आणलं. सिस्टरने तिला कुशीवर वळवून रक्तदाब पाहिला आणि लगेच सुई भरायला घेतली.

"झटक्याआधी काही म्हणाली होती? डोकं, डोळे?"

सोमारीने मान खाली घातली. बिरसी भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही. काहीच नाही."

"मावशी, मोठ्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगावं लागेल. त्रास कधीपासून होता त्यावर पुढचं ठरेल. आत बाळ आहे."

"सकाळपासून," बिरसी म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणाली. दोन दोन दिसतंय म्हणाली. मी हसले. वर मिठाचा चहा पाजला."

"मिठाचं नंतर बघू. एका कपाने झटका येत नाही. डोकं दुखतंय म्हणाली, तेव्हाच आणायचं होतं."

दोष चहाचा निघाला असता तर बरं झालं असतं, असं बिरसीला वाटलं.

सिस्टरने करमीच्या पोटावर नळी टेकवून बराच वेळ ऐकलं. "ठोके आहेत. मंद आहेत, पण आहेत. मोठ्या दवाखान्यातून गाडी निघालीय."

करमीने डोळे किलकिले केले. आपण कुठे आहोत ते तिला कळेना. झटक्यात साडी ओली झाली होती. हात तिथे गेला तशी तिने घाईने चादर ओढून घेतली. मग दारात दाटलेल्या बाया तिला दिसल्या.

"आयो," ती जड जिभेने म्हणाली, "चारचौघींत लाज आणली ना मी तुला?"